भिकन पेंटरचा ओला चेंडू

म्हसावदच्या बाजारचौकात एक काळा फळा आहे. ग्रामपंचायतीने तो सूचना लिहायला उभा केला होता, पण सूचना वाचायला म्हसावदात कोणाला सवड नसते. निधनवार्ता वाचायला मात्र सगळ्यांना असते. त्यामुळे गेली पस्तीस वर्षं देशातली मोठमोठी माणसं त्या फळ्यावर येऊन मरत आली आहेत आणि त्यांना तिथे आणण्याचं काम भिकन पेंटर करत आला आहे.

भिकनचं पोट या कामावर कधीच नव्हतं. पोट भरलं ते दुकानांच्या पाट्यांवर, ट्रॉलीमागच्या नावांवर आणि निवडणुकीतल्या भिंतींवर. पुढे फ्लेक्स आला आणि भिकनचे ब्रश वाळून काडीसारखे झाले. फळा तेवढा फ्लेक्सवाल्याला घेता आला नाही, कारण फ्लेक्सवाला सकाळी नऊच्या आत उठत नाही. भिकन पाचला उठायचा. सहाच्या बातम्या रेडिओवर ऐकायच्या, कोणी मोठं गेलं असेल तर खडूचा डबा घेऊन चौकात जायचं, डोळे, नाक, हनुवटी काढत काढत माणूस हुबेहूब उभा करायचा आणि खाली वळणदार अक्षरात लिहायचं, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. साडेनऊची शहाद्याची बस निघून गेली की चौक दोन मिनिटं गप्प राही. चहावाला स्टोव्ह बारीक करी, न्हावी गिऱ्हाइकाच्या गालाला लावलेला वस्तरा उचलून धरी. बाहेरच्या माणसाचं चित्र तीन दिवस, गावातल्या माणसाचं तेराव्यापर्यंत. पुसायचं ते भिकननेच, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. हे कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं, पण सरपंच बदलले तरी हा नियम बदलला नाही.

गेल्या पावसाळ्यात एक थोर गायिका गेली. भिकनने तिला काढलं, तीन दिवसांनी पुसलं. पाचव्या दिवशी रेडिओने तिच्या आठवणींचा कार्यक्रम लावला आणि भिकनने तिला पुन्हा काढलं. आठ दिवसांनी तिसऱ्यांदा काढलं तेव्हा न्हाव्याने दुकानातूनच आवाज दिला, “भिकन आप्पा, बाई आजून कितला खेपा मरी?” चौक हसला. भिकनही हसला, कारण सगळे हसत होते.

त्याची बायको रंजनाबाई तेव्हा भाजीचा वाटा घ्यायला उभी होती. तिला काही हसू आलं नाही. वाटा न घेताच ती घरी आली.

कारण तिला आधीपासून कळत होतं. भिकनला जुनं सगळं पाठ होतं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या अंतिम सामन्यात कोणत्या मिनिटाला कोणी गोल केला, त्या दिवशी कोणाच्या बुटाचा तळ निघाला, इथवर. कालचं मात्र नव्हतं. दिवसभरात दोन-तीनदा सांगितलेलं संध्याकाळपर्यंत टिकायचं, रात्रीची झोप झाली की सकाळी पाटी कोरी. सासू जाऊन बावीस वर्षं झाली आणि एका सकाळी त्याने चहा पिता पिता विचारलं, “माय उठनी का?” रंजनाबाईने “हो, उठनी” म्हणून वेळ मारून नेली. गावाला मात्र तिने काही कळू दिलं नाही. फळा हातातून गेला तर या माणसाकडे उरतं काय, ही तिची भीती. आणि ती खोटी नव्हती.

आता फुटबॉलचं सांगायला हवं, कारण सगळं त्यात अडकलेलं आहे.

भिकन शाळेत असताना प्रेमचंद गुरुजी नावाचे खेळाचे मास्तर होते. त्यांनी कुठून तरी चामड्याचा, वर दोरी आवळलेला एक चेंडू आणला आणि काळ्या मातीच्या मैदानात टाकला. पावसाळ्यात तो चेंडू पाणी पिऊन इतका जड व्हायचा की लाथ मारली तर पाय झिणझिणायचा. गुरुजींनी त्यावर युक्ती काढली. चेंडू रात्रभर बादलीत भिजवायचा, सकाळी निंबाच्या फांदीला दोरीने टांगायचा आणि कपाळाने शंभर टोले द्यायचे. ओला चेंडू सोसला की सामन्यातला कोरडा चेंडू फुलासारखा लागतो, असं त्यांचं म्हणणं. आजूबाजूच्या गावांतली पोरं डोक्यावर येणारा चेंडू पाहून मान खाली घालत. म्हसावदची पोरं उडी मारून त्याला भिडत. त्यात दोघं नावाजलेले, पुढे भिकन आणि मागे दिलवरसिंग गिरासे.

दिलवरसिंग पुढे राज्याकडून खेळला, परत आला, निवडणुकीला उभा राहिला आणि जिल्हा परिषदेत बसला. गावोगाव रस्ते केले, शाळांना मैदानं दिली. सगळा तालुका त्याला बापू म्हणायचा. मिरवणुकीत भिकन दिसला की बापू जीप थांबवून त्याला वर ओढून घेत आणि हातातला हार त्याच्या गळ्यात घालत. भिकनला एवढं पुरे होतं. मत्सर हा प्रकार त्याच्या अंगी नव्हता, तो देवाने रंजनाबाईच्या वाट्याला जास्तीचा दिला होता.

आणि भिकनने गुरुजींची युक्ती घरात चालू ठेवली. मुलगा-सून सुरतेला कामाला, त्यांची मुलगी दिपाली शिक्षणासाठी आजी-आजोबांकडे. नऊ वर्षांची असताना ती दारातल्या निंबाखाली उभी राहिली, आता सतरावं लागलं. रोज सकाळी कॉलेजच्या बसआधी शंभर टोले. मोजायला भिकन ओट्यावर बसलेला. तालुक्यातल्या मुलींमध्ये हवेतला चेंडू तिच्यासारखा कोणी मारत नव्हतं. लोक म्हणत, भिकनचं डोकं पोरीच्या धडावर आहे. तो ते ऐकून दिवसभर मिशीतल्या मिशीत हसायचा.

पौषातल्या एका गुरुवारी दिलवरसिंग बापू गेले. चार वर्षं ते कोणाला दिसले नव्हते. घरच्यांनी गुडघ्याचा त्रास सांगितला होता आणि गावाने तो मानला होता. भिकनने दीड तास खपून फळ्यावर बापू काढले. फेट्याची घडी न् घडी उतरली होती. शेवटचा हात फिरवून झाल्यावर तो तिथेच फळ्याला टेकून रडला. लोकांनी ठरवलं, तेराव्यानंतर चौदाव्या दिवशी शाळेच्या मैदानावर बापूंच्या नावाने मुलींचा सामना घ्यायचा. म्हसावदची कप्तान अर्थातच दिपाली.

मध्येच रविवारी तळोद्याला एक सामना झाला. दिपालीने कोपऱ्यातून आलेल्या चेंडूवर उडी घेतली, समोरच्या मुलीनेही घेतली, आणि दोघींची डोकी एकमेकांवर आदळली. दिपाली पडली. मिनिटभर हाका मारल्या तरी ओ देईना. मग उठली, पाणी प्यायली आणि शेवटपर्यंत खेळली. टाळ्या पडल्या. घरी आल्यावर दोनदा उलटी झाली, दिवा नको म्हणाली, उशीत तोंड खुपसून पडून राहिली. तिला सोडायला आलेला प्रशिक्षक भाग्येश म्हणाला, “काकू, ऊन लागनं व्हई.”

“पौषमा ऊन?” रंजनाबाई म्हणाली. भाग्येशने मान खाली घातली आणि मोटारसायकल काढली.

दुसऱ्या दिवशी रंजनाबाईने दिपालीला आणि भिकनला घेऊन शहादा गाठलं. भिकनला घरी एकटं ठेवायची आता तिची छाती होत नव्हती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोरीला तपासलं, डोक्याचा फोटो काढवला. आत रक्त साकळलेलं नव्हतं.

“पण मेंदूला मुका मार बसलाय,” त्या म्हणाल्या. “वरून काही दिसत नाही म्हणून लोक सोडून देतात. तीन आठवडे खेळ बंद. हे बरं होण्याआधी दुसरा मार बसला तर जिवावर बेतू शकतं. आणि चेंडू डोक्याने मारणं तर अजिबात नाही.”

“कसाले?” भिकनने विचारलं.

बाईंनी पुन्हा सांगितलं. थोड्या वेळाने भिकनने तेच विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा बाईंनी लेखणी खाली ठेवली आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. तो किती वर्षं खेळला, डोक्याने किती मारायचा, सगळं विचारून घेतलं. भिकनने ओल्या चेंडूची युक्ती अभिमानाने सांगितली. बाईंनी रंजनाबाईला बाजूला घेतलं.

“बाहेरच्या देशांत असे जुने खेळाडू विसरभोळे होऊन गेले. मेल्यावर त्यांचे मेंदू तपासले, तर वर्षानुवर्षांच्या छोट्या छोट्या माराने आत बिघाड झालेला सापडला. काही ठिकाणी लहान मुलांना आता डोक्याने चेंडू मारायला शिकवतच नाहीत. यांचं त्यामुळेच झालंय असं मी छातीठोक सांगू शकत नाही, यांच्या सगळ्या तपासण्या कराव्या लागतील. पण शंका येते. पोरीला सांभाळा.”

रंजनाबाईच्या मनात एकदम बापूंचा गुडघा आला. चार वर्षं दुखणारा, कोणी न पाहिलेला गुडघा.

घरी येईपर्यंत भिकनला सगळं उमजलं होतं. संध्याकाळी त्याने दिपालीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि कानबाई देवीची शपथ घेतली, “आते चेंडू बंद. मन्ही पोरनं डोकं माले सोनापेक्षा जास्त शे.” रंजनाबाई त्या रात्री बऱ्याच दिवसांनी शांत झोपली.

सकाळी धप्, धप् असा आवाज आला. ती पदर सावरत धावत बाहेर आली. चेंडू निंबाला टांगलेला, ओट्यावर भिकन बोटं मोजत बसलेला आणि पोरगी पांढऱ्याफटक चेहऱ्याने चौदावा टोला मारत होती.

“थांबाडा तिले!” रंजनाबाई ओरडली.

“काबर?” भिकन खरोखर चकित झाला. “शंभर व्हयनात नहीत आजून.”

रंजनाबाईने दिपालीचा दंड धरून तिला घरात ओढलं. पोरगी उलट बोलली, “आप्पानीच हाक मारी माले. आप्पा नही म्हनतीन, तं मी थांबसू.”

सतरा वर्षांची पोर, सामना आठवड्यावर आलेला, बापूंच्या नावाचा. तिने घरातली मेख बरोबर ओळखली होती. या घरात दोन आप्पा होते, एक संध्याकाळचा आणि एक सकाळचा. संध्याकाळचा आप्पा खेळू नको म्हणायचा, तर ती मान डोलवायची. सकाळचा आप्पा हाक मारायचा, तर ती उठायची. आज्ञा मोडली असं कोणी म्हणू शकत नव्हतं.

तुम्ही म्हणाल, चेंडूच लपवायचा ना. रंजनाबाई काही एवढी भोळी नव्हती. तिने तो त्याच दिवशी ज्वारीच्या कोठीत टाकला. दुसऱ्या दिवशी पहाटे भिकन चेंडू शोधायला निघाला तो थेट ब्राह्मणपुरीच्या रस्त्यावर सापडला, अनवाणी, थंडीने काकडलेला. वाटेत भेटेल त्याला विचारत होता, गुरुजींचा चेंडू कोणी नेला. एका ऊसवाल्याने ट्रॅक्टरवर बसवून घरी आणलं. चेंडू पुन्हा बादलीत गेला.

मग एकच उपाय उरला. सकाळी भिकन उठला, की दिपालीच्या आधी त्याला गाठायचं आणि सगळं पहिल्यापासून सांगायचं. तळोदा, टक्कर, उलटी, डॉक्टरीणबाई. म्हणजे सकाळचा आप्पाच पोरीला नाही म्हणेल.

पहिल्या दिवशी सांगितलं. आधी त्याला पटेना. मग त्याने दिपालीला बोलावून तिच्या डोळ्यांत पाहिलं, उजेडाकडे पाहताना तिचे डोळे मिटत होते ते त्याने पाहिलं. मग त्याने विचारलं, “हाई कोनी शिकाडं तिले?”

“तुम्हीच,” रंजनाबाई म्हणाली.

तो ओट्यावर बसला आणि तळहाताने स्वतःचं कपाळ बडवू लागला. रंजनाबाईने दोन्ही हात धरले तेव्हा कुठे थांबला. दिवसभर जेवला नाही. दिपाली खेळली नाही.

दुसऱ्या सकाळी त्याला काहीच आठवत नव्हतं. चेंडू टांगताना तो शीळ घालत होता. रंजनाबाईने पुन्हा सांगितलं. पुन्हा तोच प्रश्न आला, तेच उत्तर आलं. या खेपेस त्याने उठून निंबाच्या बुंध्यावर डोकं आपटलं. साल लागून कपाळातून रक्त आलं. हळद दाबताना रंजनाबाईच्या मनात आलं, पोरीचं डोकं वाचवायला मी या माणसाचं डोकं रोज फोडतेय. असं किती दिवस? एकदा दुःख झालं की माणूस हळूहळू त्याला सरावतो. याला सरावायला कालचा दिवस तर आठवायला हवा.

तिसरी सकाळ शनिवारची. बापूंना दहावा दिवस. तिने सगळं सांगितलं, तो प्रश्न आला, आणि तिची जीभ अडखळली. तिने त्याच्या कपाळावरची हळद पाहिली.

“बापूस्नी शिकाडं,” ती म्हणाली. “दिलवरसिंग बापूस्नी.”

मेलेल्या माणसाला काय लागतं, असा तिचा हिशेब. बापूंना आयुष्यभर हार मिळाले होते, एक बोल लागला तर काय बिघडलं? आणि उपाय लागूही पडला. भिकन चिडला, मुठी आवळल्या, दिपालीला ठणकावून सांगितलं, “खबरदार चेंडूले डोकं लावशी तं!” मग दोन भाकरी खाल्ल्या आणि बाहेर पडला. रंजनाबाईला आठ दिवसांत प्रथमच चहाची चव लागली.

तो खडूचा डबा घेऊन गेला हे तिच्या ध्यानात आलं नाही.

साडेनऊची बस गेली आणि भाग्येश धापा टाकत दारात आला. “काकू, चौकमा चाला. आप्पास्ले मारतीन लोके.”

चौकात शंभरेक माणूस जमलं होतं. फळ्यावरचे बापू नव्हते. तेरावा व्हायच्या आत, फेट्यासकट, ओल्या फडक्याने पुसून टाकलेले. त्या जागी मोठ्या, वळणदार, नेहमीच्याच देखण्या अक्षरात लिहिलं होतं, ‘दिलवरसिंगने आमच्या पोरींच्या डोक्याचं वाटोळं केलं. त्याला श्रद्धांजली नाही.’

गिरास्यांची चार तरणी पोरं भिकनला घेरून होती. एकाने त्याची गचांडी धरली होती. “पुस ते! कोनी भरवं तुन्हा कानमा?” असं तो ओरडत होता. भिकन पासष्टीचा माणूस, पण ताठ उभा होता. “खरं शे ते,” तो म्हणत होता. “मी पस्तीस वरीसमा फळावर खोटं लिखं नही. मन्ही नातनी खाटवर पडेल शे.”

हे ऐकत रंजनाबाई गर्दीतून पुढे घुसली. तिला वाटलं होतं खोटं घरात राहील. ते सगळ्या गावाने वाचलं होतं. आता गप्प राहिली तर नवरा मार खाणार आणि मेलेल्या माणसावर डाग राहणार. बोलली तर सगळ्या गावासमोर तो उघडा पडणार, वर्षभर पदराखाली झाकलेलं सगळं चव्हाट्यावर येणार. तिने डोळे मिटले आणि बोलली.

“सोडा त्यास्ले. बापूस्नी काही करं नही. मी खोटं सांगं त्यास्ले.” तिने भिकनचा हात धरला. “पोरले ह्यास्नीच शिकाडं. ह्यास्ले याद ऱ्हात नही. वरीस व्हयनं, काहीच याद ऱ्हात नही. रोज सांगनं पडस, रोज कपाळ फोडी लेतस. माले देखाये नही, म्हनीसन मी बापूनं नाव लिधं.”

गचांडी सुटली. न्हावी दारात उभा होता, त्याने जमिनीकडे पाहिलं. भिकनने बायकोकडे वळून हळूच विचारलं, “मी शिकाडं?” आणि त्याच्या हातातला खडू गळून पडला.

तेवढ्यात गर्दी मागून फाटली. गिरास्यांच्या गल्लीतून आलेल्या नानीबाई, बापूंची विधवा, रंजनाबाईचं बोलणं मागून ऐकून पुढे येत होत्या. त्यांच्यात दुखवट्यातली बाई तेरावा होईपर्यंत उंबरा ओलांडत नाही आणि एरवीही चौकात येत नाही. म्हसावदने नानीबाईंचा चेहरा कधी पाहिला नव्हता. आजही तो घुंघटातच होता. सोबत बाई नव्हती, पायात चप्पल नव्हती. गिरास्यांची पोरं पुढे धावली, “काकी, घर चाला, लोके देखी ऱ्हायनात.” त्यांनी हाताने पोरांना बाजूला सारलं. आधी फळा वाचला, मग भिकनसमोर उभ्या राहिल्या.

“गुडघा दुखस असं आम्ही गावले सांगं,” घुंघटाआडून आवाज आला. “ते भी खोटंच व्हतं. बापूस्ले चार वरीस मन्हं नाव याद नव्हतं. माले परकी बाई समजीसन घरना बाहेर काढेत. चेंडू उना, चेंडू डोकावर उना, असं करीसन भिंतले डोकं मारेत. डॉक्टरनी सांगं, खेळमा डोकाले मार लागी लागी असं व्हयनं व्हई. आम्ही दाबी टाकं. इतला मोठा मानूस, लोके काय म्हनतीन, म्हनीसन दाबी टाकं.”

नानीबाईंनी फळ्याकडे बोट केलं.

“आम्ही तवाच बोलतू, तं भिकन भाऊनी ती पोरले झाडखाले उभी करी नसती. तो फळावर जे लिखेल शे, त्यामा आमना भी वाटा शे. ऱ्हाऊ द्या ते आजना दिन.”

मग त्या रंजनाबाईच्या घरी आल्या. विधवा बाई दहाव्या दिवशी दुसऱ्याच्या घरात पाय ठेवते आहे हे पाहून शेजारणींनी तोंडाला पदर लावले. नानीबाईंनी दिपालीच्या खाटेशी बसून घुंघट वर केला आणि बापूंचं सगळं सांगितलं, चादरी कशा बदलायच्या, घास कसा भरवायचा, सगळं. दिपाली ऐकत राहिली. शेवटी तिने विचारलं, “माले भी असं व्हई?”

“माले ठाऊक नही बेटा,” नानीबाई म्हणाल्या. “पन तुले ठाऊक व्हवाले पाह्यजे व्हतं, म्हनीसन मी उनू.”

चौदाव्या दिवशी सामना झाला. डोक्याने चेंडू मारला तर समोरच्या संघाला चेंडू, असा नियम भाग्येशने आदल्या दिवशी जाहीर केला. काही लोकांनी नाकं मुरडली, ह्याला काय फुटबॉल म्हणायचं. दिपाली गळ्यात मफलर गुंडाळून रेषेबाहेर खुर्चीवर बसली होती आणि म्हसावद हरलं. तीन आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी तिला पळायला परवानगी दिली. डोक्याने चेंडू मारायचं विचारायला ती गेलीच नाही. भिकनच्या तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी जमलं तर आहे तिथे थांबेल, गेलेलं परत येणार नाही, असं बाई म्हणाल्या.

फळा त्याच्याकडेच राहिला. कोणी गेलं, की पुढचे काही दिवस न्हावी सकाळी त्याच्या शेजारी उभा राहतो आणि हळूच सांगतो, “आप्पा, हाई मानूस व्हई गया. परवाच काढेल शे तुम्ही.” भिकन मान हलवतो आणि खडू डब्यात ठेवतो. आता कोणी हसत नाही.

घरातलं मात्र संपलेलं नाही. भिकन अजून पाचला उठतो, चेंडू टांगतो आणि हाक मारतो. रंजनाबाईने पुन्हा कधी दुसऱ्या कोणाचं नाव घेतलं नाही. ती सांगायला बसली, की दिपाली स्वतः येऊन ओट्यावर त्याच्याजवळ बसते. आपल्यामुळे आजीला एकटीने हे बोलावं लागू नये, एवढं तिला कळायला लागलं आहे. तो विचारतो, “कोनी शिकाडं तुले?” एक दिवस रंजनाबाईच्या आधी दिपालीच म्हणाली, “तुम्हीच, आप्पा. पन आते मी बरी शे.” तो तिच्याकडे पाहत राहिला. त्याने कपाळ बडवलं नाही. तिचे दोन्ही हात धरून म्हणाला, “बेटा, माले माफ कर.”

“करं मी माफ, आप्पा,” ती म्हणाली.

तेव्हापासून रोज तसंच होतं. त्याला आपली चूक रोज कळते. माफी मिळाल्याचं मात्र दुसऱ्या दिवशी आठवत नाही, म्हणून ती रोज मागावी लागते. चैत्रातल्या एका सकाळी रंजनाबाईला ताप होता आणि सगळंच लांबलं. दिपालीची वार्षिक परीक्षा होती, दप्तर खांद्यावर, बस कोपऱ्यावर येऊन हॉर्न देत होती. ती ओट्याच्या पायऱ्या उतरली आणि मागून भिकनने विचारलं, “बेटा, हाई चेंडू डोकावर माराले तुले कोनी शिकाडं?”

आतून रंजनाबाई म्हणाली, “जाय तू, मी सांगस त्यास्ले.” बसने पुन्हा हॉर्न दिला. दिपाली मागे फिरली. दप्तर खाली ठेवलं, त्याच्याजवळ बसली आणि पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं, तळोद्यापासून सगळं सांगू लागली.